मंदाबाईंचं निरंक

आमच्या वेधशाळेत दर तीन तासांनी वेध घ्यायचा असे. तापमान, दाब, वारा, ढग. सगळं बघून वहीत उतरवायला फार तर दहा मिनिटं लागायची. मग पुढच्या वेधापर्यंत माणसानं करायचं काय? बोलायचं! अशी सोळा वर्षं आम्ही बोलत बसलो, त्यामुळे आमच्याकडे किस्से मोजायला वेगळा मापक लागेल. आजही जुने सोबती भेटले की चहा येण्याआधीच कुणीतरी म्हणतं, "ते बाकीचं राहू दे, साहेबांचं सांग!"

तर साहेबांचं सांगतो. साहेब म्हणजे गायधनी साहेब, वेधशाळेचे प्रमुख. प्रमुख म्हणजे तरी किती जणांचे? माझे आणि महादूचे! मी सोनवणे, निरीक्षक, मूळचा नामपूरचा. महादू पेठ तालुक्यातला, हुद्द्यानं शिपाई, कामानं सर्वकाही. नाशिक शहराबाहेर एका संस्थेच्या शेतकी शाळेच्या आवारात आमच्या तीन खोल्या होत्या. चारी बाजूंनी गुलाबाचे आणि कोबीचे मळे. एक फोन, तोही असा की पलीकडचा माणूस काय बोलतो ते खोलीभर ऐकू यायचं. त्यामुळे आमच्या वेधशाळेत गुपित असं काही राहिलंच नाही.

०००

साहेबांचं एक तत्त्व होतं. "आपलं काम मोजायचं. सांगायचं नाही." अंदाज सांगणारी मोठी माणसं मोठ्या शहरात बसलेली आहेत, आपण त्यांना आकडे पुरवायचे. बस!

आता हे शेजारच्या मळेवाल्याला कोण समजावणार? तो रोज सकाळी कुंपणापाशी यायचा. "साहेब, आज गुलाबावर फवारणी करू का?"

साहेब म्हणायचे, "आत्ता आर्द्रता बासष्ट टक्के आहे."

"म्हणजे करू का नको?"

"बासष्ट टक्के आहे."

मळेवाला थोडा वेळ साहेबांकडे बघायचा, मग कुंपणाच्या कडेनं महादूपर्यंत चालत जायचा. महादू आभाळाकडे बघायचा, नाकानं हवा ओढायचा आणि म्हणायचा, "कर."

वर्षभरानं मला भाजीबाजारात तो मळेवाला भेटला. बरोबरच्या चार जणांना माझी ओळख करून देत म्हणाला, "हे वेधशाळेतले. तिथं तिघं असत्यात. पण शिकलेला एकच हाय, महादू!"

मी ते साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "चूक नाही. त्याची नोंद आपल्यापेक्षा कमी वेळा चुकते." वर आणि महादूला ऐकू जाईल अशा आवाजात!

०००

रोज सकाळी आम्ही हायड्रोजन भरलेला मोठा फुगा सोडायचो. तो दुर्बिणीतून दिसेनासा होईपर्यंत मी त्याचे कोन वाचायचे आणि महादूनं ते लिहायचे. त्यावरून वरचा वारा कुठून कुठे चाललाय ते कळतं. मे महिन्यात हा फुगा बहुतेक मनमाडच्या अंगाला जायचा, कारण वारा पश्चिमेचा. कधी मात्र लहर फिरायची.

एकदा ती अशी फिरली की फुगा फुटला तो देवळाली कॅम्पात, तोफखान्याच्या मैदानावर. दुपारी जीप आली. मिशीवाले सुभेदार हातात रबराचं लोंबतं फडकं घेऊन उतरले. दारात महादू.

"ये किसका है?"

"मेरा," महादू म्हणाला.

"किसने भेजा?"

"मैंनेच. रोज भेजता हूँ."

सुभेदारांचा हात कमरेकडे गेला की काय, असं मला वाटलं! तेवढ्यात साहेब धावत बाहेर आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "कितने बजे गिरा? किस दिशा से आया?"

तोफखान्यातला माणूस तो. त्यानं घड्याळ न बघता वेळ सांगितली, दिशा अंशांमध्ये सांगितली, वर अंतरही सांगितलं. साहेबांचे डोळेच भरून यायचे बाकी राहिले.

"महादू, चहा टाक!" साहेब ओरडले. "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नीट वेध सांगितला!"

त्यानंतर कॅम्पावरून आमचा फुगा कुठे पडला याचे फोन यायला लागले. माझ्या वहीपेक्षाही त्या नोंदी चोख असायच्या.

०००

आता मंदाबाई. त्यांच्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही.

आमच्या संस्थेनं नव्वदीच्या सुरुवातीला समुद्रकिनाऱ्यापासून घाटावरून नाशिकपर्यंत एका रेषेत सात-आठ पर्जन्यमापकं बसवली होती. म्हणजे सिमेंटचा-दगडाचा एक ओटा, त्यावर पक्कं बसवलेलं नरसाळ्याच्या तोंडाचं भांडं. सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजायचं आणि आम्हाला कळवायचं. मानधन नाही, काही नाही. हौसेचं काम. किनाऱ्याकडचं शेवटचं मापक होतं खारटेंभीच्या प्राथमिक शाळेत, आणि ते बघायच्या शाळेतल्या शिक्षिका मंदाबाई.

खारटेंभी हे विचित्र गाव. समोर अख्खा समुद्र आणि प्यायला घोट नाही! पावसाळ्यात धो धो पडायचा तो ओढ्यातून तासाभरात खाडीला मिळायचा, आणि विहिरी मार्चपासून खाऱ्या. त्यात मी सांगतोय त्याच्या आधीची दोन वर्षं पाऊसही उणा झाला होता. टँकर आला तर पाणी, नाही तर डोंगरापर्यंत पायपीट.

बाकीच्या केंद्रांचे फोन पाऊस पडला तरच यायचे. मंदाबाईंचा रोज यायचा. साडेआठ वाजून दोन मिनिटांनी ग्रामपंचायतीच्या फोनवरून, "खारटेंभी. निरंक." नोव्हेंबरात निरंक, जानेवारीत निरंक, रविवारी निरंक, दिवाळीत निरंक. मी नवा होतो, शहाणाही होतो. एकदा म्हणालो, "बाई, पाऊस नसेल तेव्हा फोन केला नाहीत तरी चालेल."

"का बरं?" बाई म्हणाल्या. "पाऊस नाही हेसुद्धा मीच मोजलंय ना? मग ते कोण सांगणार?"

खोलीत सगळ्यांना ऐकू गेलंच. साहेबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या दिवसापासून बाईंचा फोन साहेब स्वतः उचलायला लागले. माझं नाव त्या कामातून कायमचं कमी झालं!

०००

एका मे महिन्यात बाईंचा फोन आला, तो जरा अडखळत.

"खारटेंभी. निरंक. पण साहेब, मापकात पाणी आहे."

"मग निरंक कसं?"

"ते पाणी आजीचं आहे."

झालं होतं असं. शाळेच्या शेजारी एक म्हातारी आजी राहायची. ती रोज बघायची, बाई सकाळी येतात, भांडं उघडतात, आत डोकावतात, झाकतात आणि मान खाली घालून जातात. तिला ते बघवेना. आदल्या दिवशी टँकरचे दोन हंडे तिच्या वाट्याला आले होते. त्यातला एक तांब्या तिनं गुपचूप मापकात ओतला. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "रोज रिकामं भांडं बघतेस गो. चांगलं नाय दिसत."

मग साहेब म्हणाले, "बाई, नोंद निरंकच राहील. आणि ते पाणी आजींना परत द्या."

"दिलं," बाई म्हणाल्या. "मोजून दिलं."

०००

नवं शतक लागून एक-दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मे महिन्याचा तिसरा आठवडा. अरबी समुद्रात एक कमी दाबाचा पट्टा तयार व्हायला लागला होता. पावसाळ्याला अवकाश होता, पण हा पाहुणा आधीच दाराशी आला होता. आमच्याकडे हवेचा दाब रोज थोडाथोडा उतरत होता. महादू सकाळी येऊन म्हणाला, "साहेब, चपला चिकटत्यात जमिनीला. ह्ये काय मे महिन्याचं लक्षण नाय."

शनिवारी मंदाबाईंचा फोन आला. निरंक सांगून झालं तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

खारटेंभीच्या लोकांनी, त्यातही बायांनी जास्त, दोन उन्हाळे खपून ओढ्यावर मातीचा बांध घातला होता. मध्ये एक खिंडार मुद्दाम ठेवलं होतं. जादा पाणी बाहेर सोडणारा कडेचा दगडी सांडवा पुरा झाला की ते बुजवायचं आणि पहिल्या पावसाचं पाणी अडवायचं, असा बेत. पावसाळ्याला तीन आठवडे आहेत म्हणून काम सावकाश चाललं होतं. आता समुद्राकडचं आभाळ बघून सगळे हबकले होते.

"साहेब, झटून काम केलं तर चार दिवसांत सांडवा आणि खिंडार दोन्ही होईल," बाई म्हणाल्या. "पण खिंडार बुजवलं आणि सांडवा अर्धा असताना पाऊस आला, तर पाणी बांधावरून जाईल. बांध राहणार नाही. दोन वर्षांची माती समुद्रात जाईल. आणि खिंडार उघडं ठेवलं तर एकदा ओढा वाहायला लागल्यावर बुजवता येणार नाही. म्हणजे आणखी एक वर्ष टँकर. आमच्या हातात किती दिवस आहेत?"

साहेबांनी गळा साफ केला. "आत्ता आमच्याकडे दाब..."

"साहेब," बाईंनी त्यांना मध्येच तोडलं, आणि साहेबांना मध्ये तोडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, "नऊ वर्षं रोज मी तुम्हाला सांगतेय. आज एकदा तुम्ही मला सांगा."

साहेबांनी समोरची वही मिटली. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या घड्याळाला सेकंदकाटा आहे का?"

०००

साहेबांनी बाईंना सांगितलं ते असं. किनाऱ्यावर उभं राहायचं आणि एका मिनिटात किती लाटा फुटतात ते मोजायचं. दहा वेळा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी. लाटांची संख्या कमी होत गेली, म्हणजे लाटा लांब आणि सावकाश यायला लागल्या, तर दूर समुद्रात काहीतरी जोर धरतंय. हे साहेबांनी कुठे वाचलं होतं देव जाणे. आमच्या वहीत तर लाटांचा रकानाच नव्हता, त्यांनी तो पट्टीनं आखला.

बाई चोख. शनिवारी संध्याकाळी आठ, रविवारी सकाळी सात, संध्याकाळी सहा.

गावात मात्र गोंधळ! एरवी पदर खोचून बांधावर टोपल्या उचलणाऱ्या बाई भर उन्हात एकट्या समुद्रासमोर उभ्या, नजर मनगटावर, ओठ पुटपुटतायत. एका कोळ्यानं विचारलं, "बाई, काय मोजताव?"

"लाटा."

कोळी आपल्या वाटेनं निघून गेला. संध्याकाळी तो बाईंच्या यजमानांना गाठून हळूच म्हणाला, "मास्तरीणबाईंना दोन दिस माहेरी पाठवा. ऊन लागलंय."

०००

रविवारी साहेबांना उपग्रहाचं चित्र बघायचं होतं. वेधशाळेत कॉम्प्युटर नव्हता. कॉलेज रोडला एक सायबर कॅफे होता, तिथे गेलो. सगळी कॉलेजची पोरं-पोरी, आणि मध्ये आमचे साहेब, सफारी, हातात छत्री, खिशात पेन्सिल!

चित्र उघडायला घेतलं. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे चित्र वरून खाली इंच इंच उतरायचं. काश्मीर आलं. पंजाब आला. राजस्थान यायला पाच मिनिटं लागली. साहेब खुर्चीच्या टोकावर. गुजरात आला, समुद्राचा वरचा काठ दिसला, कडेला काहीतरी पांढरं दिसायला लागलं... आणि लाईट गेली!

लाईट आल्यावर पुन्हा काश्मीरपासून सुरुवात. पुन्हा गुजरातला आलो आणि या वेळी लाईन तुटली. तिसऱ्यांदा काश्मीर दिसल्यावर साहेबांनी कॅफेवाल्याला हाक मारली आणि अगदी अदबीनं विचारलं, "हे खालून वर येईल असं काही करता येतं का?"

चौथ्यांदा पूर्ण चित्र आलं. अरबी समुद्रात ढगांचा पांढरा भोवरा अगदी स्पष्ट. साहेबांनी खिशातून पातळ कागद काढला, मॉनिटरवर ठेवला आणि पेन्सिलीनं गिरवायला लागले!

"अहो काका! स्क्रीन आहे तो!"

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "हलवू नका."

०००

सोमवारी सकाळी बाईंचा फोन आला. "खारटेंभी. निरंक. लाटा साडेपाच."

साहेब उभे राहिले. माणूस फोनवर बोलताना उभा का राहतो मला ठाऊक नाही, पण मी आणि महादूही उभे राहिलो.

"बाई, लिहून घ्या. शुक्रवार पहाट. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुमचे हात चालू द्या. खिंडार बुजवायला घ्या."

"म्हणजे तशी शक्यता आहे?"

"शक्यता नाही, बाई. येणार."

महादूनं हातातली कपबशी खाली ठेवली. सोळा वर्षांत साहेबांच्या तोंडून 'येणार' हा शब्द मी तेवढाच एकदा ऐकला. फुगा येणार, बस येणार, असंसुद्धा ते कधी म्हणाले नव्हते! मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही, आणि त्याच्या खालोखाल भीती. खिंडार एकदा बुजवायला घेतलं की मागे फिरणं नव्हतं. आता चुकायचं तर एक अख्खं गाव बुडवून चुकायचं होतं.

०००

बातमी कशी पसरली कोण जाणे, पण मंगळवारी नामपूरहून माझ्या मामांचा फोन आला. त्यांचा कांदा काढून शेतात उघड्यावर पडला होता.

"भाचा, मी हाई काय ऐकी राहिनू? पानी येवाव शे का?"

मी साहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "विचारलं तर सांगा. जे बाईंना सांगितलं तेच."

मी मामांना शुक्रवार सांगितला. मामा भडकले. "खाले त्यासना तलाव भरी, आनि वर मना कांदा भिजी! तुमना साहेब कोना बाजूना शे?"

आवाज खोलीभर. साहेबांनी वहीतून मान वर न करता म्हटलं, "त्यांना सांगा, मी आकड्यांच्या बाजूचा."

मामांनी फोन आपटला. पण गुरुवारी दुपारपर्यंत त्यांचा सगळा कांदा छपराखाली, चाळीत गेला होता, आणि त्यांचं बघून गल्लीतल्या बाकीच्यांचाही. पुढे कित्येक वर्षं मामा लोकांना सांगायचे, "मना भाचानी वेधशाळा शे!" माझी म्हणे! साहेबांना हे मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

०००

बुधवारी दुपारी मात्र उलटी बातमी आली. रेडिओवर सांगितलं की समुद्रातला पट्टा पश्चिमेला, किनाऱ्यापासून दूर सरकण्याची शक्यता आहे. पाच मिनिटांत बाईंचा फोन. "साहेब, लोकांनी टोपल्या खाली ठेवल्यात. म्हणतायत, पाऊस जातोय तर जीव कशाला काढायचा. खिंडार तीन हिस्से बुजलंय आणि सांडवा अर्धा आहे. आत्ता थांबलो आणि तुमचा शुक्रवार खरा ठरला तर सगळं जाईल. काय सांगू त्यांना?"

"अर्धा तास द्या," साहेब म्हणाले आणि बाहेर आले. "महादू, फुगा."

"साहेब, सकाळचा झालाय. आता उद्याचा..."

"उद्याचा आत्ता सोड."

फुगे मोजून मिळायचे. एकाचा हिशेब चुकला तरी वर खुलासा द्यावा लागे. महादूनं फुगा भरला आणि सोडला. दुर्बिणीवर या वेळी साहेब स्वतः. पट्टा खरंच दूर जात असता तर वरचा वारा पुन्हा पश्चिमेचा झाला असता आणि फुगा नेहमीसारखा मनमाडच्या अंगाला गेला असता. फुगा सरळ वर गेला. थोडा थबकला. मग वळला, आणि मनमाडकडे पाठ करून समुद्राच्या बाजूला चालू लागला; म्हणजे पट्टा अजून किनाऱ्याजवळच हवा ओढत होता.

महादू दुर्बिणीशिवायच ओरडला, "साहेब! ह्यो तर माझ्या गावाकडं चाललाय!"

साहेब आत गेले, फोन उचलला. दम लागला होता, त्यामुळे दाब, दिशा, वेग असलं काहीच त्यांना नीट सांगता येईना. एवढंच म्हणाले, "बाई, सांगा त्यांना. फुगा पेठेकडे गेला!"

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. पण त्या तशाच बांधावर गेल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "नाशिकहून निरोप आहे! फुगा पेठेकडे गेला!"

आणि लोकांनी टोपल्या उचलल्या! कुणी विचारलं नाही फुगा कसला, पेठेत कशाला. इतक्या खात्रीनं सांगतायत म्हणजे काहीतरी असेलच, असं म्हणून अख्खं गाव पुन्हा कामाला लागलं.

०००

शुक्रवारी सकाळी मी सातला पोचलो तर साहेब आणि महादू आधीच हजर. नाशिकवर आभाळ उतरलं होतं आणि भुरभुर चालू होती. घाटाखाली काय झालं असेल ते आमचा दाबमापक सांगत होता. पाऊस आला होता, साहेबांनी सांगितलेल्या पहाटेलाच आला होता. पण त्या वेळी कुणालाच त्याचा आनंद नव्हता. पाऊस आला हे खरं. बांध पुरा झाला होता का?

साडेआठ वाजले. साडेआठ वाजून दोन मिनिटं झाली. फोन वाजला नाही.

पावणेनऊ. साहेबांनी दाबमापकाची काच पुसली. नऊ. पुन्हा पुसली. नऊ वर्षांत बाईंचा फोन चुकला नव्हता. महादू दारात पाठमोरा बसून राहिला. साहेब मला म्हणाले, "सोनवणे, मी सांगायला नको होतं. मोजायचं आपलं काम."

नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"साहेब, मंदा बोलतेय. आजचं वाचन नाही."

साहेबांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"पहाटे जोर वाढला आणि सांडव्याला शेवटचे दगड कमी पडले. बायकांनी घराच्या पायऱ्यासुद्धा काढून आणल्या. तरी कमी. मग एक शाळेतल्या मापकाचा ओटा तेवढा राहिला होता. मीच फोडायला सांगितला. मापक काढून बाजूला ठेवलं होतं, ते वाऱ्यानं कलंडलं. आत थोडं पाणी आहे, पण ते धरायचं नाही, मला माहीत आहे. माफ करा साहेब. नऊ वर्षांत पहिल्यांदाच माझी नोंद चुकली."

"बांध?" साहेबांनी विचारलं.

"आहे."

"पाणी?"

पलीकडून काही क्षण फक्त पावसाचा आवाज आला, आणि बायकांचा, खूप बायकांचा. रडता रडताच बाई म्हणाल्या, "आहे."

साहेबांनी फोन हळूच ठेवला. वही ओढून घेतली. खारटेंभीच्या ओळीत त्या दिवसाचा रकाना कोरा होता. मी म्हणालो, "साहेब, अप्राप्त लिहू?"

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि मिलिमीटरच्या रकान्यात, आपल्या वळणदार अक्षरात, स्वतः लिहिलं: 'आहे.'

महिनाअखेरीला तक्ता वर गेला. आठवड्याभरात संस्थेच्या मुख्य कार्यालयातून कागद आला. 'खारटेंभी केंद्राच्या नोंदीत आहे असा उल्लेख आढळतो. किती, ते मिलिमीटरमध्ये तातडीने कळवावे.'

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. खाली एका शब्दात उत्तर लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि महादूच्या हातात टपालाला दिलं.

'पुरेसे.'